नववी पायरी

जीनने ते घर कधी पाहिलेलं नव्हतं, तरी त्याच्या पायऱ्या ती दिवसातून दहा-बारा वेळा चढायची.

घर होतं इटलीत, डोंगरावरच्या पोज्जोस्कूरो नावाच्या गावात. आणि जीन होती अबुधाबीत, चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, एका म्हाताऱ्याच्या पलंगाशी. म्हाताऱ्याचं नाव आल्चेस्ते, वय ब्याऐंशी. उभी हयात आखातात बंदरांचे धक्के बांधण्यात गेली, हजार माणसं हाताखाली राबवली. आणि आता पलंगावरून बाथरूमपर्यंत जायचं म्हटलं की गडी गादीची कड घट्ट धरून बसायचा. डोक्यातलं एकेक दुकान बंद होत चाललं होतं. इंग्लिश गेलं, मुलाचं नाव अधूनमधून जायचं, जेवलोय की नाही हे तर कायमचंच गेलं. आधीच्या दोन नर्सांनी त्याच्यापुढे हात टेकले होते.

जीन वसईची. तीस वर्षं नर्सिंगमध्ये काढलेली, त्यातली बावीस इकडे. हात टेकणं तिच्या स्वभावात नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने पाहिलं की म्हातारा चादरीवर बोटाने काहीतरी काढत बसतो. एक भिंत, एक दार, दाराकडे बाहेरून चढत जाणाऱ्या पायऱ्या. पायऱ्या मोजायचा, ऊनो, दूए, त्रे, आणि दरवेळी अकरावर थांबायचा. नोवे म्हणजे नऊ आलं की आवाज खाली आणून म्हणायचा, "प्यानो." हळू.

मुलगा रेनातो याने तिला उलगडून सांगितलं. ते घर रेनातोच्या पणजोबांनी बांधलं होतं, डोंगरातलाच दगड फोडून. बाहेरच्या जिन्याची नववी पायरी त्यांच्याकडून नीट बसली नाही, पाय पडला की डुगडुगायची. तीन पिढ्या तिला शिव्या घालत आल्या, पण बसवली कोणीच नाही. घरच्यांना ठाऊक असायचं, नवखा मात्र अडखळायचा. आजोबा म्हणायचे, असू द्या, चोर आला तर आपल्याला कळेल.

बस. जीनला पाहिजे ते मिळालं. तिने खोलीत पावलं मोजली. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत मोठी टाकली तर नऊ, बेतशीर टाकली तर बरोबर अकरा. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या काखेत हात घातला आणि म्हणाली, "चला पापा, कासा." कासा म्हणजे घर, एवढं तिला एव्हाना कळलं होतं. "ऊनो." म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, पाय उचलला आणि टाकला. नोवेला तिने आवाज खाली आणून प्यानो म्हटलं, त्याने पाऊल जपून ठेवलं, आणि अकराव्याला बाथरूमच्या दाराच्या मुठीवर हात ठेवून घरी पोचल्यासारखा हसला. एखाद्या वेळी ती प्यानो म्हणायला विसरली की तो बोट नाचवून म्हणायचा, "लाद्रा." म्हणजे चोरटी. दोघंही हसायची.

गोळ्यांचंही तसंच. गोळी दिसली की तोंड शिवल्यासारखं बंद. एकदा त्याने स्वतःच तिचा हात धरून दाखवलं होतं, लहानपणी डॉक्टर आला की आई काय करायची ते. तळहातात अंगठ्याने दोनदा दाबायची. मग मी सी म्हणायचो. सी म्हणजे हो. जीनने ते उचललं. हात हातात घ्यायचा, अंगठा दोनदा दाबायचा, म्हातारा सी म्हणायचा आणि आ करायचा. गोळी गिळली की ती म्हणायची, "ब्रावो, पापा." पुढे पुढे आंघोळ, इंजेक्शन, नखं कापणं, सगळं त्या दोन दाबांवर चालायला लागलं. आता कोणी म्हणेल, ही फसवाफसवी झाली. ज्याने आजाऱ्याची सेवा केलीय त्याने म्हणावं, बाकीच्यांनी गप्प बसावं.

संध्याकाळी ती माळ घेऊन बसायची. ती मराठीतून नमो मारिया म्हणायची, उरलेली अर्धी प्रार्थना तो इटालियनमधून पुरी करायचा. त्यात तो एकदाही चुकला नाही. तिला तो जीना म्हणायचा. दीड वर्ष असं गेलं, आणि खरं सांगायचं तर मॉरिस गेल्यापासून जीनला इतकं घरच्यासारखं कुठेच वाटलं नव्हतं. मॉरिस तिचा नवरा. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होता, तीन वर्षांपूर्वी झोपेतच गेला.

मग एका मंगळवारी रेनातो ऑफिसातून लवकर आला, टाय सैल केला आणि किचनमध्ये जीनसमोर बसला. याआधी तो किचनमध्ये कधी बसला नव्हता.

"घराला गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. तो इंग्लिशच बोलायचा, मध्येच अरबी यल्ला, खलास. "चांगलं जोडपं आहे. त्यांना पुढच्या महिन्यात व्यवहार पुरा करायचाय. पण घर पापाच्या नावावर आहे."

"पापा नाही म्हणतात, सर."

"चार वर्षं नाहीच म्हणतोय. ला कासा, नो. तेवढं मात्र विसरत नाही." रेनातो कडवट हसला. "त्याने मला मुखत्यारपत्र दिलं की मी विकू शकतो. डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे, सकाळच्या वेळी त्याला समजतं म्हणून. पण नोटरी मला बाहेर बसवणार. फायदा माझा आहे ना, म्हणून. नर्स मात्र आत बसू शकते."

गॅसवर पेज होती, जीन ती ढवळत राहिली.

"तू जवळ असलीस की तो हो म्हणतो," रेनातो म्हणाला. "मी पाहिलंय."

रेनातो वाईट माणूस होता असं म्हणून मोकळं व्हायची सोय नाही. बायको सोडून गेली होती, डोळ्यांखाली काळं पडलं होतं, आणि बापाची ढुंगणं धुणाऱ्या बाईला तो दोन्ही हातांनी चहा द्यायचा. तो पुढे म्हणाला तेही त्याने शांतपणेच म्हटलं. घर विकलं गेलं तर पापा इथेच राहील, तुझ्याजवळ, शेवटपर्यंत. नाही विकलं तर मला हे झेपणार नाही. मग त्याला तिकडे एखाद्या संस्थेत ठेवावं लागेल, आणि तुझ्या एजन्सीला कळवावं लागेल की आमच्याकडचं काम संपलं.

काम संपलं. या दोन शब्दांत काय काय येतं ते आखातात राहिलेल्याला सांगायला नको. जीनचा व्हिसा एजन्सीचा. मुलीचा, जेनेलचा, जीनच्या व्हिसावर. जेनेल दुबई सिलिकॉन ओएसिसला हॉस्टेलवर राहून इंजिनियरिंग करत होती, शेवटचं वर्ष.

त्या संध्याकाळी तिने जेनेलला फोन लावला.

"ममा, ही इज हिज सन," जेनेल म्हणाली. "इट्स अ फॅमिली मॅटर. यू आर जस्ट द नर्स."

"पण त्याला विकायचं नाहीये गं."

"ही वोंट इव्हन रिमेंबर, ममा."

"त्याला बाकी काही आठवत नाही. तेच एक आठवतं."

जेनेल म्हणाली, "अँड माय फायनल इयर?" तिने ते रागाने विचारलं नव्हतं. पोर घाबरली होती.

तुम्हाला वाटेल जीनला कळत नव्हतं. तिला सगळं कळत होतं, इतरांपेक्षा जास्तच कळत होतं. वसईला तिच्या वडिलांचंही दगडी घर होतं, समोर क्रूस, मागे विहीर. तिच्या लग्नात आंघोळीचं पाणी त्याच विहिरीवरून वाजतगाजत आणलं होतं. नऊ वर्षांपूर्वी भावाने, डेरिकने, कुरियरने कागद धाडला. फॉर्मॅलिटी आहे गं, तू फक्त सही करून ॲटेस्ट करून पाठव. जीनने ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत वकिलातीच्या रांगेत उभं राहून सही केली. वाचला नाही. भावाचा कागद कोण वाचतं? पुढच्या नाताळात ती गेली तेव्हा तिथे बिल्डरचे निळे पत्रे ठोकलेले होते आणि आत विहीर बुजवायला डंपर लागला होता. ती रडली नाही. रिक्षा वळवायला सांगितली आणि कानाला खडा लावला की न वाचता पुन्हा सही करायची नाही.

पण या वेळी सही तिची नव्हतीच. तिथेच ती फसली. ती स्वतःला सांगत राहिली की मी काय करणार आहे, नुसती शेजारी बसणार आहे.

नोटरीकडे जायच्या दिवशी तिने म्हाताऱ्याची दाढी केली, पांढरा शर्ट घातला. तो खुशीत होता. गाडीतून समुद्र दिसला तेव्हा धक्क्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मीओ." माझा. खोटं नव्हतं ते.

नोटरी मध्यमवयीन अमिराती होता, मऊ बोलणारा. शेजारी इटालियन जाणणारी दुभाषी बाई. त्याने रेनातोला नम्रपणे दार दाखवलं, म्हाताऱ्याला पाणी मागवलं, घाई कसलीच केली नाही. जीनने आल्चेस्तेचा हात हातात घेतला. तो हात तिच्या हातात नेहमीच असायचा, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

नाव विचारलं, त्याने सांगितलं. जन्मगाव विचारलं.

"पोज्जोस्कूरो," म्हातारा म्हणाला, आणि ताठ बसला.

मग दुभाषी बाईने सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. या कागदाने तुमचं पोज्जोस्कूरोचं घर विकायचा अधिकार मुलाला मिळेल. हे तुम्हाला समजतंय का? मान्य आहे का?

जीनला त्यातलं कासा तेवढं कळलं. म्हाताऱ्यालाही ते कळलं असावं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. तो कागदाकडे बघत राहिला, मग दाराकडे, मग जीनकडे. तो काहीच बोलेना. नोटरी थांबला. एक मिनिट गेलं असेल, जीनला ते तासासारखं वाटलं. नोटरीने पेनाला टोपण लावलं आणि दुभाषीला अरबीत काहीतरी म्हटलं. बाई जीनला म्हणाली, "आज नको म्हणतात. ते थकलेले दिसतात. पुन्हा कधीतरी, इन्शाल्ला."

एवढंच करायचं होतं. उठायचं आणि त्याला घरी न्यायचं. बाहेर रेनातोला सांगायचं की सर, पापा बोलले नाहीत. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जीनच्या डोळ्यांपुढे जेनेल आली, हॉस्टेलच्या खोलीत कपाटावरची बॅग खाली काढणारी.

तिने अंगठा दोनदा दाबला.

"सी," आल्चेस्ते म्हणाला.

नोटरीने वर पाहिलं. बाईने तोच प्रश्न पुन्हा विचारला, वेगळ्या शब्दांत. जीनने पुन्हा दाबलं. सी. तिसऱ्यांदा विचारलं, तुमच्यावर कोणाची जबरदस्ती नाही ना? इथे सी म्हणायचं की नो, ते जीनला ठाऊक नव्हतं. तिने हात तसाच धरून ठेवला, अंगठा हलवला नाही. म्हातारा तिच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "नो, नो. जीना." म्हणजे जीना आहे ना, मग जबरदस्ती कसली.

सही मात्र त्याने इंजिनियरची केली, लांब, तिरकी, एका दमात. मग सवयीने आ केला. दुभाषी बाईला वाटलं जांभई आली. जीनकडे द्यायला गोळी नव्हती.

दुपारी घरी आल्यावर त्याला बाथरूमला न्यायचं होतं. ऊनो, दूए, त्रे. जीनचं चित्त ठिकाणावर नव्हतं. नोवे आलं आणि गेलं, ती प्यानो म्हणालीच नाही. म्हातारा थांबला, बोट नाचवलं आणि हसून म्हणाला, "लाद्रा."

त्याने ते थट्टेतच म्हटलं, नेहमीसारखं. जीनने त्याला आत बसवलं, दार लोटलं आणि बाहेर जमिनीवर बसून तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडली.

व्यवहार पाच आठवड्यांत झाला. रेनातोने केक आणला. म्हाताऱ्याने दोन तुकडे खाल्ले. त्यानंतर महिनाभर सगळं जसंच्या तसं चाललं, आणि जीनने स्वतःची समजूत घातली की झालं ते झालं, माणूस तर जवळ आहे, सुखात आहे. कोणाचं काय गेलं? भिंतीच गेल्या ना? माणूस मनाला काय काय पटवतो.

मग रेनातो पुन्हा एकदा किचनमध्ये येऊन बसला. जीनला तो बसतानाच कळलं.

त्याची बदली ठरली होती, पोटासाठी जायलाच हवं. पापासाठी इटलीत एक वृद्धाश्रम पाहिला होता, चांगला, बागबीग असलेला, मोठ्या शहराजवळ. पैशाचा प्रश्न आता नव्हता. चौदा तारखेचं विमान.

"सर, तुम्ही म्हणाला होतात, शेवटपर्यंत."

"म्हणालो होतो," रेनातो म्हणाला. त्याने ते नाकारलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

"मग जाताना एकदा तरी त्यांना त्या घरी न्या. नुसतं पायऱ्यांपर्यंत."

"किल्ल्या दिल्या, जीन. ते लोक तिथे राहतात. बाहेरचा जिना काढताहेत ते, धोक्याचा आहे म्हणून." तो उठला. "आणि त्याला कुठे कळणार आहे?"

त्याला कळेल. पायाला कळेल. पण हे ती बोलली नाही, कारण बोलायचा तिचा हक्क तिने नोटरीच्या टेबलावर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी भीत भीत तिने एजन्सीत फोन केला. कोऑर्डिनेटर उझमा नावाची मुलगी होती. तिने कीबोर्डवर दोन मिनिटं टकटक केली आणि म्हणाली, "नो प्रॉब्लेम सिस्टर, पंधरा तारीख से आपको शारजा में पेशंट दे देती हूँ. आपके लिए तो लोग लाइन में हैं."

"मेरा व्हिसा?"

"व्हिसा को क्या हुआ? व्हिसा तो हमारा है."

जीनने फोन ठेवला. म्हणजे तेव्हाही असंच झालं असतं. रेनातोने काम संपवलं असतं तर उझमाने दोन मिनिटं टकटक करून दुसरा पेशंट दिला असता. जेनेलच्या बॅगेला हात लागला नसता. एक फोन. तो एक फोन करायला तिला सुचलं नव्हतं, कारण इथे माणूस व्हिसाच्या भीतीने आधी मान तुकवतो आणि मग विचारतो. बावीस वर्षांची सवय. कोणाला सांगणार? जेनेलला सांगितलं तर ती म्हणेल, "इट्स ओव्हर, ममा." आणि खरंच संपलं होतं.

तेराला तिने म्हाताऱ्यासाठी बूट आणले, चिकटपट्टीचे, मऊ. साठ दिरहॅम, म्हणजे चौदा-पंधराशे रुपये झाले की, ती दुकानातच मोठ्याने म्हणाली, आणि तरी घेतले. त्याची औषधं पुडक्यांत बांधली. एका कागदावर इंग्लिशमध्ये लिहिलं, पलंगापासून बाथरूमपर्यंत अकरा पावलं मोजावीत, नवव्याला हळू म्हणावं. तो कागद तिने दोनदा फाडला आणि दोनदा लिहिला. गोळीची युक्ती तिने लिहिली नाही.

चौदाला सकाळी रेनातो सामान घेऊन खाली गेला. व्हीलचेअर लिफ्टपाशी होती. म्हाताऱ्याला पलंगावरून तिथपर्यंत चालवायचं होतं. नवे बूट, पांढरा शर्ट. जीनने काखेत हात घातला. तिच्या तोंडून शब्द फुटेना.

त्यानेच सुरुवात केली. ऊनो. दूए. आठ झाले. नोवेला त्याने तिच्या दंडावर हात ठेवून तिलाच सांगितलं, "प्यानो, जीना." तिने पाऊल जपून ठेवलं. अकरा झाले तेव्हा ती दोघं खोलीच्या दारातच होती, लिफ्ट अजून दूर होती. त्याला घराचं दार दिसेना. तो इकडेतिकडे बघायला लागला. भिंत रिकामी, कपाट उघडं, पलंगावर चादर नाही.

"आ कासा?" त्याने विचारलं. घरी?

आज तो कुठेतरी जातोय हे त्याला कळलं होतं. एवढंच हवं होतं त्याला, की जायचं ते घरीच ना. जीनने मान खाली घातली. बुटांच्या पट्ट्या नीट बसल्यात का, ते बघत राहिली.

"आ कासा, जीना?"

ती गप्प.

मग म्हाताऱ्याने तिचा हात आपल्या हातात घेतला. शांतपणे, रोज घ्यावा तसा. तळहात वर केला, आणि अंगठ्याने दोनदा दाबलं. एकदा, आणि पुन्हा एकदा. आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबून राहिला, ती कशी त्याच्या तोंडाकडे बघत थांबायची, अगदी तसा. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दीड वर्षात त्याने एवढंच पाहिलं होतं, की माणूस बोलत नसला की त्याच्याकडून हो असं काढतात.

"सी," जीन म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. त्याने तिच्या हातावर थोपटलं.

"ब्रावा, जीना," तो म्हणाला, आणि नव्या बुटांनी लिफ्टकडे चालू लागला.